साच्यातील पोकळी

१९९९ साली आमच्या कारखान्यातील चौघांनी शनिवारची पाळी आपसांत बदलून घेतली आणि रामगोपाल वर्मांचा 'कौन' हा चित्रपट पाहिला. सोमवारी जेवणाच्या सुटीत त्याच्या शेवटावरून जी चर्चा सुरू झाली, ती बेळगावच्या उद्यमबागेतल्या त्या पत्र्याच्या छपराखाली पुढे आठवडाभर चालू राहिली. चित्रपटात पात्रे अवघी तीन, घर एकच, बाहेर मुसळधार पाऊस आणि गाणे एकही नाही. ऊर्मिला मातोंडकरने साकारलेली तरुणी घरात एकटी आहे, शहरात कोणी खुनी मोकाट सुटल्याची बातमी आहे, आणि दाराशी एक अनोळखी माणूस घंटा वाजवतो आहे. खुनी कोण, हे शेवटी कळते. परंतु त्या हातून हे सारे का घडले, त्यामागे कोणते दुःख आहे की कोणता सूड आहे, याविषयी चित्रपट अवाक्षर काढीत नाही. लेथवरचा एक तरुण कारागीर तावातावाने म्हणत होता, "कोण त्ये कळलं, पर का त्ये सांगाय नको काय? पिच्चर अर्धाच ठेवलाय की!" दोघे त्याच्या बाजूचे होते, चौथा तळ्यात-मळ्यात करीत होता. लाकडी पॅटर्न करणारे आमचे सुतारमामा, ज्यांनी तो चित्रपट पाहिलाही नव्हता, पलीकडे बसून आपला कल्हईचा पितळी डबा फडक्याने पुसत सारे ऐकत होते.

मी त्या वेळी त्या तरुणाच्याच पक्षाचा होतो. ओतकामाची तपासणी हा माझा पेशा. नाकारलेल्या प्रत्येक नगापुढे नोंदवहीत कारणाचा एक रकाना असे आणि तो भरल्याखेरीज दप्तर बंद करावयाचे नाही, असा कारखान्याचा शिरस्ता होता. तीस वर्षे ज्याने असा रकाना भरला, त्याला कारण न सांगता संपणारी गोष्ट म्हणजे कर्तव्यात केलेली कसूर वाटावी, यात नवल नाही. शिवाय माझ्या पिढीची जडणघडणच खुलाशांच्या चित्रपटांवर झालेली होती. पांढऱ्या साडीतील स्त्री धुक्यातून गात जावी, हवेलीतील दिवे आपोआप विझावेत, आणि शेवटच्या रिळात कोणी फौजदाराने वा वकिलाने पुढे होऊन, हे सारे इस्टेटीसाठी रचलेले कारस्थान होते, असे पुराव्यानिशी शाबीत करावे, हा त्या चित्रपटांचा परिपाठ. १९६४ साली राज खोसलांच्या 'वह कौन थी?'ने शीर्षकातच प्रश्न विचारला आणि उत्तर दिले, जुळी बहीण. त्याच साली राजा परांजपे यांचा 'पाठलाग' आला, ज्यात एका वकिलाला आपली मृत पत्नी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी दिसते. तेथेही उत्तर, जुळी बहीण. दोन्ही चित्रपट मी अनेकदा पाहिले आहेत आणि दोन्हींवर माझे प्रेम आहे. तरीही मला आज प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की त्या जुळ्या बहिणींचे चेहरे मला आठवत नाहीत, आठवते ते उत्तर मिळण्यापूर्वीचे धुके.

या सगळ्यांचा मूळपुरुष म्हणजे १९४९चा 'महल'. बॉम्बे टॉकीजची निर्मिती, कमाल अमरोहींचे दिग्दर्शन, योसेफ विर्शिंग या जर्मन छायालेखकाने केलेले काळोखाचे चित्रण, आणि संकलक म्हणून पुढे स्वतः 'मधुमती' काढणारे बिमल रॉय. सरकारी लिलावात घेतलेल्या नदीकाठच्या एका वाड्यात तरुण मालक राहावयास येतो, आणि त्याला मृत कामिनीचा आत्मा दिसू लागतो. पुढे खटला उभा राहतो, जबान्या होतात, आणि भरकोर्टात उलगडा होतो, की आत्मा वगैरे काही नव्हते. माळ्याची मुलगी आशा हीच कामिनीचे सोंग आणून त्या वाड्यात वावरत होती. मुद्देमाल हजर, कबुली हजर, प्रकरण निकालात निघाले, असे वाटते. परंतु ज्या रात्री मालकाने त्या वाड्यात पहिले पाऊल टाकले, त्या रात्री भिंतीवरची एक तसबीर खाली पडली होती, आणि तिच्यात वाड्याच्या दिवंगत धन्याच्या जागी त्याला स्वतःचाच चेहरा दिसला होता. माळ्याची मुलगी सोंग आणू शकेल, गाऊ शकेल, झोपाळ्यावर झुलू शकेल. पण आपला जन्म होण्यापूर्वी रंगविलेल्या तसबिरीत परक्या माणसाचा चेहरा ती कशी घालणार? चित्रपट याचा खुलासा करीत नाही. तो प्रश्न कोर्टासमोर येतच नाही. 'महल' प्रथम पाहिला तेव्हा ही राहून गेलेली बाब माझ्या ध्यानातही आली नाही. आली तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली होती, आणि त्या एका तसबिरीमुळे सगळा चित्रपट मला नव्याने भेटला.

'महल'मध्ये कामिनी जे गाते, त्या गाण्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकांवर गायिकेचे नाव म्हणून 'कामिनी' असे पात्राचेच नाव छापलेले होते. रेडिओवर गाणे ऐकून, ही गाते कोण, असे विचारणारी पत्रे आली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव श्रोत्यांना कळले. हा आवाज कोणाचा, हे ठाऊक नसताना अंधाऱ्या खोलीत ते गाणे ज्यांनी ऐकले असेल, त्यांचा मला आजही हेवा वाटतो.

निवृत्तीनंतर मुलाने काही परदेशी चित्रपट तबकड्यांवर आणून दिले. त्यांत आल्फ्रेड हिचकॉकचा १९६३ सालचा पक्ष्यांचा तो प्रसिद्ध चित्रपट होता. समुद्रकाठच्या एका गावावर कावळे, चिमण्या आणि समुद्रपक्षी यांचे थवे हल्ला करू लागतात, माणसे मरतात, घराच्या खिडक्या फळ्या ठोकून बंद केल्या जातात, आणि शेवटी एक कुटुंब, चहूकडे शांत बसलेल्या हजारो पक्ष्यांमधून, जीव मुठीत धरून आपली मोटार हळूहळू बाहेर काढते. बस्स. पक्षी का उलटले, याचे उत्तर नाही. 'समाप्त' ही अक्षरेही पडद्यावर येत नाहीत. सबंध चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, केवळ यंत्रावर निर्माण केलेले पक्ष्यांचे आवाज आहेत. म्हणजे, आता घाबरा, आता सैल व्हा, असे सांगणारे संगीतसुद्धा हिचकॉकने प्रेक्षकाच्या हातून काढून घेतले. विशेष हे, की चित्रपटापूर्वी दोनच वर्षे, ऑगस्ट १९६१मध्ये, कॅलिफोर्नियाच्या कॅपिटोला नावाच्या गावात खरोखरच समुद्रपक्ष्यांचे थवे रात्री घरांवर आणि खांबांवर येऊन आदळले होते. त्या घटनेचे कारण शास्त्रज्ञांनी पुढे कित्येक वर्षांनी शोधले: समुद्रातील सूक्ष्म शेवाळात तयार झालेले विष माशांतून पक्ष्यांच्या पोटात गेले आणि त्यांचा मेंदू भ्रमला असावा. शास्त्राने हे शोधलेच पाहिजे होते, त्याबद्दल मला शास्त्रज्ञांविषयी आदर आहे. पण तेच विष हिचकॉकच्या चित्रपटात कोणा प्राध्यापकाने परीक्षानळीत दाखविले असते, तर त्या मोटारीभोवती बसलेले पक्षी तत्काळ आजारी पक्षी झाले असते, आणि आपली भीती कणवेत विरून गेली असती.

दुसरा चित्रपट ऑस्ट्रेलियाचा, पीटर वेअर यांचा १९७५चा, जोन लिंडसे यांच्या कादंबरीवरून केलेला. १९०० सालच्या फेब्रुवारीतील एका उन्हाळी दुपारी (तिकडे तो उन्हाळाच) एका शाळेच्या मुली हँगिंग रॉक नावाच्या डोंगरावर सहलीला जातात. घड्याळे बाराला बंद पडतात. तीन मुली आणि एक शिक्षिका शिळांमधून वर जातात आणि नाहीशा होतात. पुढे त्यांतील एक मुलगी सापडते, तिला काहीच आठवत नाही; उरलेल्यांचा पत्ता कधीच लागत नाही. भीती दाखविण्यासाठी या चित्रपटात अंधारसुद्धा वापरलेला नाही. सगळे लख्ख उन्हात घडते. लिंडसेबाईंनी कादंबरीला उलगड्याचे एक अखेरचे प्रकरण लिहिलेले होते. १९६७ साली पुस्तक निघाले तेव्हा प्रकाशकांच्या सल्ल्याने ते गाळले गेले, आणि बाईंच्या मृत्यूनंतर, १९८७मध्ये, ते स्वतंत्रपणे छापले गेले. मूळ कादंबरीने वाचकांच्या मनात जे घर केले, ते त्या प्रकरणाला करता आले नाही. ज्याने कात्री चालविली त्या संपादकाला मी मनोमन हात जोडतो.

हे दोन चित्रपट पाहिल्यावर माझ्या मनात जो विचार घोळू लागला, तो मला भट्टीपाशीच नीट मांडता येतो. उद्यमबागेत हायड्रॉलिकचे सुटे भाग करणारे कारखाने पुष्कळ आहेत. अशा व्हॉल्व्हच्या बॉडीत तेल वाहण्यासाठी आत वाकडेतिकडे मार्ग असावे लागतात, आणि बिडाचा रस साच्यात ओतताना ते मार्ग मोकळे कसे राहावयाचे, हा ओतकामातील मूळ प्रश्न. त्यासाठी वाळूचाच एक गाभा, ज्याला कारखान्यात सगळे 'कोर' म्हणतात, वेगळ्या पेटीत ठोकून, कडक करून, साच्याच्या पोटात टेकूंवर अलगद बसवितात. सुमारे १४०० अंशांचा रस त्याच्याभोवती धावतो, त्याला वेढतो आणि थिजतो. सकाळी साचा फोडतात. तेव्हा गडी लोखंडी सळईने आतली जळून काळी पडलेली वाळू टोकरून काढतो. ती भुरभुरत पायांपाशी पडते, आणि जेथे कोर होता तेथे आता काहीच नसते. ते 'काहीच नसणे' हाच त्या नगाचा प्राण. आत बोट घातले तर भिंत गुळगुळीत लागते, वळण कोठे आहे ते कळते, आणि फुंकर मारली तर पलीकडच्या तोंडातून हवा बाहेर येते.

पण पोकळी आणखी एका प्रकारची असते. वाळू ओलसर राहिली, वायूला बाहेर पडावयास वाट ठेवली नाही, घाईने ओतले, तर धातूच्या अंगात वायूचा बुडबुडा अडकून राहतो. त्याला 'ब्लो होल' म्हणतात. बाहेरून नग देखणा दिसतो. मी हातोडीने हलकेच ठोकून आवाज ऐकत असे: निकोप नग ठणठणीत वाजतो, फुटका नग बद्द बोलतो, पण ब्लो होल कित्येकदा या परीक्षेतूनही निसटते, आणि यंत्रावर चढवून वरचा थर कातल्यावरच आतले काळे भोक डोळे वटारून समोर येते. दोन्ही ठिकाणी धातू नाही. तरीही एक पोकळी ज्याने साचा केला त्याने हेतुतः ठेवलेली आहे आणि दुसरी त्याच्या हलगर्जीपणाने राहिलेली आहे. पहिलीला चहूबाजूंनी भिंती आहेत, दुसरीला फक्त कडा आहेत. अनुत्तरित शेवटाचे चित्रपट मी आता याच कसोटीवर पारखतो. ज्याला शेवट सुचला नाही म्हणून ज्याने पडदा पाडला, त्याची पोकळी हाताला लगेच टोचते. तेथे प्रेक्षकाची तक्रार रास्त आहे. पण हिचकॉकने त्या गावातील प्रत्येक माणसाची भीती, आई-मुलाचे अवघडलेले नाते, फळ्यांवर आपटणाऱ्या चोचींचा आवाज, हे सगळे इतक्या नेमकेपणाने ओतले आहे, की मधल्या रिकाम्या जागेचा आकार आपल्याला आंधळेपणानेही चाचपता येतो. 'कौन' मी पुन्हा पाहिला. भिंती काही ठिकाणी पातळ आहेत, कोर किंचित सरकला आहे असे मला वाटते. पण पोकळी ठेवलेली आहे, राहिलेली नाही. त्या तरुण कारागिराला हे सांगण्याची संधी मला मिळाली नाही, कारण तो केव्हाच नोकरी सोडून पुण्याकडे निघून गेला होता.

आपल्या परंपरेला ही गोष्ट नवी आहे असे मात्र कोणी समजू नये. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त गुंफलेली आणि मराठीत 'वेताळपंचविशी' म्हणून घरोघर पोचलेली ती कथामाला आठवावी. एका भिक्षूच्या सांगण्यावरून राजा स्मशानातील झाडावरून प्रेत खांद्यावर घेतो, प्रेतातील वेताळ वाटेत गोष्ट सांगून कोडे घालतो, राजा अचूक उत्तर देतो, आणि उत्तर देताच प्रेत उडून पुन्हा झाडावर जाते. प्रत्येक बरोबर उत्तराची शिक्षा म्हणजे पुन्हा तीच वाट! अखेरच्या कोड्यात एक बाप एका परक्या मुलीशी लग्न करतो आणि त्याचा मुलगा तिच्या आईशी. त्यांच्या अपत्यांचे परस्परांशी नाते काय, असे वेताळ विचारतो. राजाला उत्तर येत नाही. तो गप्प राहून चालत राहतो, आणि त्या मौनामुळेच वेताळ त्याच्यावर प्रसन्न होतो, त्याच्या जिवावर उठलेल्या त्या भिक्षूचा कावा त्याला सांगतो. लहानपणी मला ही शेवटची गोष्ट फिकी वाटे. आता वाटते, एवढ्या कोड्यांची उत्तरे देणाऱ्या राजाला त्या मौनापर्यंत आणून पोचविणे, हाच कथाकाराचा सारा खटाटोप असावा.

आणि आमच्या या मुलखात तर जी. ए. कुलकर्णी होऊन गेले. चिकोडी तालुक्यातील एकसंब्याला १९२३ साली जन्मलेले, बेळगावात शिकलेले आणि धारवाडला इंग्रजी शिकविणारे जी. ए. चित्रपटांच्या संदर्भात सहसा कोणी आठवीत नाही. पण 'पिंगळावेळ'मधील 'स्वामी' ही कथा रात्री एकट्याने वाचून पाहावी. एका वाटसरूला मठात नेले जाते, आदरातिथ्य होते, आणि मग भूमीखालच्या खोलीत त्याला आयुष्यभरासाठी स्वामी म्हणून कोंडले जाते. हे त्याच्याच वाट्याला का यावे, याचे मनाचे समाधान करणारे उत्तर कथेत सापडत नाही. वायुमार्गातून वर उजेडाकडे चढणारी एक वेल तेवढी आपल्या हाती उरते. कोणत्याही पडद्यावर पाहिलेल्या पिशाचापेक्षा त्या खोलीची मला अधिक धास्ती वाटते, आणि त्या वेलीमुळे ती कथा मी पुनःपुन्हा वाचावयास घेतो.

सीमाभागात राहणाऱ्या माणसाने न लागलेल्या निकालाची थोरवी गावी, हे कोणाला विचित्र वाटेल. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपासून आमच्या गावांचा प्रश्न लोंबकळत आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली येऊन गेला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा गुदरला, आणि किती म्हातारे, निकाल ऐकूनच डोळे मिटीन, असे म्हणत म्हणत गेले, ते मी पाहिले आहे. ते दुःख निराळे आहे. तेथे उत्तर देणे हे कोणाचे तरी कर्तव्य आहे, आणि ते न दिल्याने माणसांची आयुष्ये झिजतात. मी ज्या मौनाविषयी बोलतो आहे त्यात कोणाचे देणे थकलेले नसते.

सुतारमामांची हकिगत मी आजवर लिहिली नव्हती. 'कौन'च्या आधी सात-आठ वर्षांची गोष्ट. डिसेंबर महिना, दाट धुके. दुसरी पाळी सुटल्यावर मामा उद्यमबागेच्या मागल्या अंगाने, भाताच्या कापणी झालेल्या शेतांतून, नेहमीच्या पायवाटेने घरी निघाले. वाट अर्ध्या तासाची. घरी पोचले ते उजाडल्यावर. त्यांना चकवा लागला होता. "वाट तीच हुती, मी बी तोच हुतो, पर गाव काय येईनाच बघा," असे ते सांगत. फिरून फिरून एका विहिरीपाशी येत होते, आणि कोणी तरी त्यांना नावाने हाक मारीत होते, घरच्या माणसाने मारावी तशी.

कारखान्यात ज्याने त्याने आपापला खुलासा केला. कोणी म्हणाले मुंजा, कोणी म्हणाले दारू, वास्तविक मामा माळकरी. मी मात्र माझ्या पेशाला साजेसा तपास केला. त्या रात्री भट्टीपाशी माणसे कमी होती म्हणून मामा आपले सुतारकाम सोडून तीन तास तेथे राबले होते. भट्टीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्याने डोके जड होते, दिशा कळेनाशा होतात, भास होतात. हे सगळे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आसंल, साहेब. तुमी शिकलेली माणसं. पर डब्याचं काय?"

मग त्यांनी जे सांगितले, ते तोवर कोणालाच सांगितले नव्हते. पहाटे शुद्ध आली तेव्हा ते विहिरीच्या काठावर बसलेले होते. डब्यात अर्धी भाकरी आणि वांग्याचे भरीत उरले होते. पण डबा राखेने लख्ख घासून, धुऊन, काठाच्या दगडावर पालथा घातलेला होता. "मी जल्मात कदी डबा घासलेला न्हाई, साहेब. मला घासाय येतच न्हाई."

तुम्हीच भ्रमात घासला असेल, असे मी म्हणालो. ते काही बोलले नाहीत.

मामा निवृत्त झाले त्या संध्याकाळी कारखान्यात नारळ-शाल झाली, आणि त्यांना सोबत करावी म्हणून मी त्यांच्याबरोबर शेतांतून चालत गेलो. एव्हाना निम्म्या शेतांवर शेड उभ्या राहिल्या होत्या, पण विहीर होती. तिच्यापाशी मामा थांबले. त्यांनी पिशवीतून डबा काढून काठाच्या दगडावर ठेवला आणि, आत कोणी चहा टाकला असावा व आपण ओसरीवर बसून राहावे, तसे ते थोडा वेळ तेथे नुसते उभे राहिले. पाण्यावर एक पाकोळी फिरत होती. मग त्यांनी डबा उचलला, पिशवीत टाकला, आणि मला म्हणाले, "चला साहेब, अंधार पडायच्या आत परत जावा." मी त्यांना काही विचारले नाही.